नवरीला मांजर चावलं

नवरीचं डोकं रोलर्सनी गच्च भरलं होतं. शेजारच्या खुर्चीत तिच्या होणाऱ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या डोक्याच्या उजव्या बाजूला काळा रंग थापलेला, डावी बाजू अजून पांढरीशुभ्र. पार्लरवाल्या ताई दोन्ही खुर्च्यांमध्ये भिंगरीसारख्या फिरत होत्या. लग्न संध्याकाळी होतं आणि ताईंच्या हिशेबानं सगळं वेळेत बसत होतं.

तेवढ्यात उघड्या दारातून मांजराचं पिल्लू आत आलं.

सासूबाईंचा चेहरा सकाळपासून इस्त्री केल्यासारखा ताठ होता. नवरीनं त्यांच्याशी ‘हो काकू’ आणि ‘बरं काकू’ याच्यापलीकडे एक शब्द काढला नव्हता. पण पिल्लू दिसताच सासूबाई जागच्या जागी विरघळल्या. “अगं बाई, माझं सोनं ते! ये, ये!” त्यांनी ते उचललं, गालाशी धरलं आणि थोड्या वेळानं नवरीच्या मांडीवर दिलं. नवरी हरखली. ताईही हरखल्या आणि त्याच भरात त्यांनी ड्रायर सुरू केला.

त्या घरघरीनं पिल्लू जे बिथरलं! नवरीच्या बोटाला कडकडून चावलं, सासूबाईंच्या अंगावरून उडी मारली, शाम्पूच्या बाटल्या आडव्या केल्या आणि टॉवेलांच्या कपाटात शिरलं. ताईंनी पायानंच कपाटाचं दार लोटलं.

नवरीच्या बोटावर रक्त आलं होतं.

“एवढंसं तर आहे,” नवरी म्हणाली.

“आमच्या लहानपणी मांजरं रोजच बोचकारायची,” सासूबाई म्हणाल्या. “केस आवरा आधी.”

ताईंना मात्र राहवेना. त्यांनी आरोग्य केंद्रात फोन लावला. तिथल्या सिस्टरनं विचारलं, “मांजर कोणाचं?”

“रस्त्यावरचं.”

“लस दिलेली आहे त्याला?”

“ते आम्हाला कसं कळणार?”

“तेच तर! साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा. वर काहीबाही लावू नका. आणि तडक इकडे या.”

“अहो, आज लग्न आहे तिचं!”

“मग जरा लवकर या. रेबीज एकदा सुरू झाला की त्यावर उपाय नाही बाई. जे करायचं ते आधीच.”

ताईंनी फोन ठेवला. त्यांनी नवरीला उठवलं, केस धुवायच्या बेसिनपाशी उभं केलं आणि साबणाची वडी हातात दिली. पाणी धो धो वाहत राहिलं.

“उद्या जाता येईल की,” सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. “लोक काय म्हणतील, नवरी कुठे गेली?”

नवरीनं बेसिनवरून मान वळवली. “काकू, मी आजच जाणार.” आपणच हे बोललो याचं तिला इतकं आश्चर्य वाटलं की ती खुदकन हसली.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. “मग मीही येते. एकटीला कशी सोडू?”

निघाली वरात! ताईंच्या टीचभर गाडीत नवरीचे रोलर छताला घासत होते आणि मागे सासूबाई पार्लरचा काळा झगा अंगावर तसाच पांघरून बसल्या होत्या. केंद्रात सगळे माना वळवून बघत राहिले. कुत्रा चावलेला एक गवंडी पाय लांब करून बसला होता. तो म्हणाला, “माझं औषध झालंय, मी नुसता बसलोय. जाऊ द्या नवरीला पुढे!” आणि सगळ्या बाकानं वाट करून दिली.

डॉक्टरीणबाईंनी बोट नीट पाहिलं. “आणखी कोणाला चावलं? ओरखडलं?”

“नाही!” सासूबाई केवढ्यानं तरी म्हणाल्या.

ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकूंनी डावा हात मघापासून झग्याबाहेर काढलाच नव्हता. गाडीचं दारसुद्धा कोपरानं लोटलं होतं.

“काकू, हात दाखवा बरं.”

“माझा कशाला? चावलंय हिला!”

“काकू,” नवरी म्हणाली, “हात.”

हात बाहेर आला. मनगटावर दोन लाल ओरखडे होते आणि त्यांवर सुकलेलं रक्त.

“मला सुई बघवत नाही गं,” सासूबाई पुटपुटल्या. इस्त्री पार उतरली होती.

नवरीला हसू आवरेना, पण तिनं त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. आधी ओरखडे धुतले. रंगाचे ओघळ कानामागून गळायला लागले होते, म्हणून सिस्टरनं डोकंही नळाखाली घातलं. मग सुईची पाळी आली. सासूबाईंनी डोळे मिटून “आई गं!” अशी किंकाळी फोडली की बाहेरचा गवंडी उठून उभा राहिला.

“अहो, हा नुसता कापूस आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग काय! नवरी, ताई, सिस्टर, सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. शेवटी सासूबाईही डोळे पुसत हसू लागल्या. त्या हसण्यातच दोघींच्या दंडात लस गेली आणि जखमांभोवती दुसरं औषधही गेलं. ते मात्र खरंच दुखलं. पुढचे डोस कधी, ते डॉक्टरीणबाईंनी दोघींकडून घोकून घेतलं. “मांजर ठणठणीत दिसलं तरी मी सांगितल्याशिवाय डोस चुकवायचा नाही!”

कपाटातल्या पिल्लाला ताईंनी बोलावलेली प्राण्यांच्या दवाखान्यातली माणसं जाड हातमोजे घालून घेऊन गेली आणि त्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवलं. पुढेही ते धडधाकट राहिलं.

लग्नाला थोडा उशीर झाला. सासूबाई डोक्यानं अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या अशाच हॉलमध्ये शिरल्या. नवरामुलगा आ वासून बघत राहिला. “आई, हे काय?”

“फॅशन आहे. तू तुझं बघ.”

नवरीचं बोट टम्म सुजलं होतं. अंगठी त्यात जाईना, तेव्हा सासूबाईंनीच तिचा दुसरा हात पुढे केला. वाजंत्री सुरू झाली तशा दोघी नाचायला उतरल्या. लस घेतलेले दंड दुखत होते, म्हणून उरलेला एकेक हात तेवढा वर करून नाचल्या. कोपऱ्यात पिनांची डबी सांभाळत बसलेल्या ताईंना दोघींनी ओढून मध्ये घेतलं.

“अहो काकू, दमानं!” ताई ओरडल्या.

“काकू काय काकू,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक गिरकी घेतली.