राहिलेला दहावा आकडा

मी एक छोटी पांढरी मोटार बोलतेय. पांढरी म्हणते ते जुन्या सवयीनं. आता अंगावर रंग कमी आणि पोचे जास्त आहेत. काचा नाहीत, मागची दारं नाहीत, डावी बाजू चुरगळलेल्या कागदासारखी झाली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आकाराम मिस्त्रींच्या शेडमध्ये, लेथच्या पलीकडच्या कोपऱ्यात, मी चार विटांवर उभी आहे. काल खंडेनवमीला माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ घातली. मला तीसुद्धा जड होते, पण सांगणार कुणाला.

माझे पहिले धनी गारगोटीचे एक सर. शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी माझ्या सीटवरचं प्लास्टिक सहा वर्षं काढलं नाही. गारगोटी ते कोल्हापूर या रस्त्यावर काटा साठच्या पुढं गेला की त्यांचा पाय आपोआप मागं यायचा. मागून लोक हॉर्न वाजवून कंटाळायचे आणि पुढं जाताना काच खाली करून काहीतरी बोलून जायचे. सर म्हणायचे, "जाऊ दे त्यास्नी. आपली शाळा काय पळून जाणार न्हाय." मला ते आवडायचं. मी स्वभावानं सावकाशच आहे, पुढं काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कल्पना नव्हती.

सरांची दृष्टी गेली आणि मी कळंब्याच्या एका दूधवाल्याकडं गेले. त्यानं मागची सीट काढून किटल्या भरल्या. सांडलेल्या दुधाचा वास माझ्या अंगातून अजूनही पुरता गेलेला नाही. त्यानं नवी गाडी घेतल्यावर मी चिंचेखाली उभी राहिले. येणारेजाणारे धुळीच्या काचेवर बोटानं आपापली नावं लिहायचे. माणसांना कुठंही धूळ दिसली की स्वतःचं नाव का लिहावंसं वाटतं, हे मला कधी कळलं नाही. एका कोंबडीनं तर माझ्या बॉनेटखाली संसार थाटला होता.

तिथून मला आकाराम मिस्त्रींनी ओढत आणलं. बरोबर त्यांची मुलगी अनुजा होती. ती इंजिनिअरिंग शिकलेली, छोट्या रेसिंग गाड्या पळवणारी. तिनं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "पप्पा, हीच पाहिजे. वजनाला हलकी हाय. हिला मी दोनशेनं पळवतो की." कोल्हापूरच्या पोरी 'पळवतो, येतो, जातो' असंच बोलतात. मला हसू आलं. सरांनी कधी साठ ओलांडू दिलं नाही अशा मला ही पोर ताशी दोनशे किलोमीटरनं पळवणार होती, तेही सरळ धावपट्टीवर, एकटीला, नुसता वेग मोजण्यासाठी.

घरी मात्र गाडं अडलं. अनुजाची आई, बायडाबाई, शेडमध्ये आल्या, पदर खोचून माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, गाडी किती पळती ते मला सांगू नगा. पोरगी बाहेर कशी येणार तेवढं सांगा."

पुढचे आठ महिने शेडमध्ये त्या एकाच प्रश्नाच्या उत्तराचं काम चाललं होतं. इंजिनाचं काम झालं, पण ते मागून. आधी माझ्या पोटातलं सगळं काढलं, सीट, गालिचे, छताचं कापड. पेट्रोलची टाकी काढून मागं पत्र्याच्या पडद्याआड लहान टाकी बसवली. अनुजाला करकचून बांधणारे सहा पट्टे आले. आग विझवणारी बाटली आली. खिडकीला काचेऐवजी जाळी आली, म्हणजे गाडी उलटली तर हात बाहेर जाऊ नये. बाहेरून कुणीही ओढावी आणि सगळी वीज बंद व्हावी अशी एक लाल कडी माझ्या पाठीला लावली. आणि आतून, चालकाच्या डोक्याभोवती, जाड पाइपांचा पिंजरा उभा राहिला.

तो पिंजरा नागाप्पांनी जोडला. नागाप्पा निपाणीकडचे, घरात कन्नड बोलणारे, मिस्त्रींकडं तीस वर्षं वेल्डिंग करणारे. उद्यमनगरात काम चांगलं की वाईट ते नखावर ठरतं. जोडलेल्या जागेवरून नख फिरवायचं आणि सांधा लागला तर कारागीर कच्चा. नागाप्पांचा सांधा कधी कुणाच्या नखाला लागला नव्हता. माझा पिंजरा त्यांनी जोडला, मग पंधरा दिवस ग्राइंडर घेऊन एकेक जोड घासला, वरून निळा रंग दिला. अख्खी गल्ली येऊन नख फिरवून गेली. मलाही जरा मिरवल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रोज संध्याकाळी बायडाबाई भाकरीचं पीठ झाकून शेडमध्ये यायच्या आणि स्टुलावर बसायच्या. अनुजाला पट्ट्यांनी बांधायचं, डोळ्यांवर ओढणी आवळायची, आणि बायडाबाईंनी मोठ्यानं मोजायचं. दहाच्या आत पोरगी बाहेर आली पाहिजे. पहिल्या दिवशी तीसपर्यंत मोजावं लागलं. मग मिस्त्रींनी चेनपुलीनं मला उलटं टांगलं आणि तसंही करायला लावलं. अनुजा चिडायची. "आई, जरा दमानं मोज की." बायडाबाई म्हणायच्या, "आग दमानं लागती व्हय?" आणि परत एकपासून सुरू करायच्या. मला या खेळाचा भारी कंटाळा यायचा. उलटं टांगून घ्यायचं हे काय वय आहे.

पहिल्या वर्षी आम्ही टेम्पोवर चढून सीमेपलीकडं एका जुन्या, बंद पडलेल्या विमानांच्या धावपट्टीवर गेलो. तिथं एक मोटार क्लब वेगाच्या शर्यती घेतो. पळण्याआधी गाडी तपासतात. तपासायला तेजस्वी मॅडम होत्या. त्यांनी पट्टे पाहिले, बाटली पाहिली, लाल कडी ओढून पाहिली, मान डोलावली. मग पिंजऱ्याच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि तिथंच थांबल्या.

"हे इतकं गुळगुळीत कसं?"

नागाप्पा पुढं झाले. "फिनिशिंग हाय मॅडम. नख फिरवून बघा, सांधा घावणार न्हाय."

"तेच तर चुकलंय, काका. घासताना जोडाचा धातूच निघून गेला. आत किती उरलाय ते मला दिसत नाही आणि तुम्हालाही नाही. गाडी उलटली तर हा पिंजरा सुटेल."

मिस्त्रींनी पुष्कळ विनवण्या केल्या. एवढ्या लांबून आलोय, एकच फेरी मारू द्या, हळू मारू. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागं डबा धरून उभ्या असलेल्या बायडाबाईंनी विचारलं, "बाई, तुमची पोरगी बसवली असती काय ह्यात?"

तेजस्वी मॅडम म्हणाल्या, "नाही."

"मग चला घरी," बायडाबाई म्हणाल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

आम्ही परत निघालो. नागाप्पा मागं माझ्याजवळ बसले होते आणि उगीच त्याच त्या सांध्यावरून नख फिरवत होते. तीस वर्षं ज्या कामासाठी शाबासकी मिळाली त्याच कामानं पोरीचा जीव धोक्यात घातला होता. मला त्यांची फार दया आली.

पुढच्या वर्षी त्यांनी सगळा पिंजरा कापून काढला आणि नवा घातला. या वेळी सांधे तसेच ठेवले, जाड, फुगलेले, खवल्याखवल्यांचे. ते बघणं नागाप्पांना सोसायचं नाही. कितीदा ग्राइंडर हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. शेजारचे कारागीर येऊन नख लावायचे आणि म्हणायचे, "नागाप्पा, डोळं गेलं काय तुमचं?" नागाप्पा खाली मान घालून म्हणायचे, "गेलतं. आता आलंय."

गेल्या फेब्रुवारीत आम्ही परत त्या धावपट्टीवर गेलो. तेजस्वी मॅडमनी खडबडीत सांध्यांवर टॉर्च मारला, बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कपाळावर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. नागाप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मग मी पळाले. आयुष्यात एकदाच. शंभर, एकशे चाळीस, एकशे साठ. वाऱ्यानं माझा पत्रा थरथरत होता. काटा एकशे ऐंशीच्या पुढं गेला, वेग मोजायची खूण समोर दिसायला लागली, आणि माझ्या मागच्या डाव्या चाकाची हवा गेली. अनुजानं स्टिअरिंग घट्ट धरलं, पण मी आडवी झाले. मग आभाळ खाली आणि जमीन वर. तीन कोलांट्या मारून मी छतावर थांबले.

अनुजा पट्ट्यांत उलटी लोंबकळत होती. पेट्रोलचा वास येत होता. आणि ती पुटपुटत होती, "एक, दोन, तीन." आवाज तिचा, पण ताल आईचा. चारला आगीच्या बाटलीची कडी ओढली. पाचला एक हात छताला टेकवला, सहाला पट्टे सोडले. सात, आठ, जाळी काढली. नऊला ती बाहेर होती, उभी होती.

पलीकडं दोरीच्या मागं बायडाबाईही मोजत होत्या, हे मला नंतर शेडमधल्या बोलण्यातून कळलं. मिस्त्री धावत सुटले होते, सगळे ओरडत होते आणि त्या एकट्या जागेवर उभ्या राहून मोठ्यानं मोजत होत्या. लांबवर लाल हेल्मेट उभं राहिलेलं दिसलं तेव्हा त्या नऊवर होत्या. दहा त्यांनी म्हटलंच नाही. तिथंच मटकन खाली बसल्या.

नागाप्पा आले ते अनुजाचा चेहरा बघून थेट माझ्या आत शिरले. एकेक सांध्यावरून बोट फिरवलं. पाइप दोन बोटं खाली वाकला होता, पण सांधा एकही सुटला नव्हता. माझा वेग कुठल्याही वहीत नाही. खुणेच्या आधीच मी पडले.

तेव्हापासून मी या कोपऱ्यात आहे, आणि खरी दमणूक इथंच झाली. लोक मला बघायला येतात, हात लावून तो हात कपाळाला लावतात. मिस्त्रींनी तर ठरवूनच टाकलं होतं. नवी गाडी घ्यायची आणि हाच पिंजरा सरळ करून तिच्यात घालायचा. "ह्यानं माझी पोरगी परत दिली. ह्येच्यापरास भरवशाचं काय हाय?" तेजस्वी मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं की एकदा उलटलेला पिंजरा परत वापरू नये. तो कागद मिस्त्रींनी देवाच्या फोटोमागं सारला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, मिस्त्री, माझ्या आत कुठं काय तडकलंय ते मला ठाऊक आहे. पण माझा हॉर्नसुद्धा काढून नेलेला.

आज दसऱ्याच्या सकाळी नागाप्पा सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवून त्यांनी धीर करून सांगितलं, "मालक, वाकलेला पाइप सरळ केला तरी आतनं मोडलेलाच ऱ्हातोय. माझी एक चूक झाली. दुसरी माझ्याकडनं करून घेऊ नगा."

अनुजाला तर पुन्हा पळायचं आहे. बोलल्या त्या बायडाबाई. माझ्या छताच्या पोच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, हिनं एकदा दिली की पोरगी. किती वेळा मागणार हिच्याकडनं?"

मग मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं माझी झेंडूची माळ काढली आणि नागाप्पांना म्हणाले, "ह्यो पिंजरा उद्या काप. तुकडं कर, म्हंजे कुणाच्या मनात परत याय नगो. पोरीला नवा पिंजरा करू. सांधं घासायचं न्हाईत."

माळ काढल्यावर मला हलकं वाटलं. उद्या नागाप्पा कापायला येतील. ते माझा एकेक सांधा शेवटचा हाताळतील, आणि तेव्हा त्यांना जुनी चूक आठवू नये एवढीच माझी इच्छा आहे. बायडाबाई, तुम्हाला मात्र एक मागणं आहे. भाकरीचं पीठ जरा झाकून ठेवा, तुमचं ते स्टूल घेऊन माझ्याजवळ बसा आणि एकदा माझ्यासाठी मोजा. सावकाश मोजा, मला आता कसलीच घाई नाही. त्या दिवशी तुम्ही नऊवर थांबला होता. राहिलेला दहा उद्या म्हणून टाका.