शेंड्यावर चढलेल्या अळ्या

त्या सालात औषध पिऊन अळ्या बाळसं धरत होत्या. किसनरावांनी दुकानातली एकूण एक बाटली फवारली. मरायच्या त्या मेल्या. ज्यांनी पचवलं, त्यांचीच पोरंबाळं कपाशीच्या पऱ्हाटीवर नांदू लागली.

त्यांच्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला लागून पंचफुलाबाईचं तीन एकर. तेवढंच तिचं. पांढरकवड्याच्या शेतीशाळेत तिनं वेगळाच इलाज ऐकला होता : अळीला अळीचाच रोग लावायचा. ओढ्याकाठच्या तुरीत रोगानं काळ्या पडून लोंबकळणाऱ्या तीनेकशे अळ्या तिनं वेचल्या, पाट्यावर वाटल्या, लुगड्यातून गाळल्या. त्या दिवसापासून घरात चटणी कोणी मागितली नाही. उन्हानं रोग मरू नये म्हणून पाण्यात कपड्याची नीळ, अळीनं आवडीनं खावं म्हणून गूळ, आणि दिवस कलल्यावर फवारणी.

"अळ्यायले गूळ?" किसनराव धुऱ्यावरून म्हणाले. "पुरणपोळीच कर ना मंग!"

"तुमच्या बाटल्यायपरीस सस्ता पडते, भाऊ."

चार दिवस अळ्या खातच राहिल्या. पंचफुला रोज पानं उलटून पाहायची. रोज आणखी बोंडं पोखरलेली.

पाचव्या सकाळी अळ्या बोंडं सोडून शेंड्यांवर चढलेल्या. शेकड्यांनी.

किसनराव पाठीवर पंप घेऊनच धुरा ओलांडून आले. माणूस भला, म्हणूनच आवरायला कठीण.

"शेंडे खायले चढल्या पाह्य. नवं औषध आणलं, यानं मरतेच. सरक."

"नाही मारायचं. आज मेल्या तं रोग कच्चा राह्यते. आतून पिकू द्या लागते, मंग फुटून बाकीच्यायले लागते."

"अन् रोगानं नाही, भुकेनं चढल्या असतीन तं?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. शेतीशाळेतल्या चित्रात अळी एकच होती, आणि तीही मेलेली.

किसनरावांनी पंपाचा दांडा हलवला. पंचफुला नळीसमोर उभी राहिली.

"पागल झाली का? तोंडावर उडन!"

"उडू द्या."

जागची न हलता तिनं हात लांबवून शेंड्यावरची अळी बोटानं दाबली. कातडं सायीसारखं फाटलं. पाट्यावर निघालं होतं तसलंच रोगाचं पांढुरकं पाणी खालच्या पानावर ओघळलं. तिथं एक बारकी अळी कडेनं पान कुरतडत होती. कुरतडत कुरतडत ती थेंबाशी आली. थांबली.

दोघंही वाकली. दांडा हलायचा बंद झाला होता.

अळीनं थेंबासकट पान खाल्लं.

"खाल्लं," किसनराव कुजबुजले. मग पंप उतरवून खाली ठेवला. "आता हे कवा मरन?"

"चार-पाच दिवसानं."

"अन् बोंडं?"

"खालची गेली. वरची राह्यतीन."

तिनं पदराला बोट पुसलं आणि पुढच्या झाडाचा शेंडा धरला.