चार बोटांची जागा

मी एक स्टिरिओ सूक्ष्मदर्शक बोलतोय. हिंगोलीच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्यातून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की दगडाचे खाचखळगे उठून दिसतात. पण माझ्यापायी एक वाईट गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कॉलेजात येण्याआधी दुकानात माझ्या शेजारी लांब दांड्याचा एक भाऊबंद होता. त्याच्याखाली आख्खा नारळ मावला असता. कॉलेजाला आभाळातून पडलेले दगड, म्हणजे उल्का, तपासायला यंत्र हवं होतं आणि त्याला तोच योग्य होता. पण भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सत्यशीला मॅडमनी जास्त मोठं दाखवणारा म्हणून मला निवडलं, आणि मी फुशारून गेलो. भिंगाखाली जेमतेम चार बोटं जागा आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग सेनगावकडचे मेंढपाळ कोंडीबा आले. घोंगडीत गुंडाळलेला कवठाएवढा काळा दगड त्यांनी टेबलावर ठेवला.

"माझ्या बायकोनं, लक्ष्मीनं, ह्यो आभाळातून पडताना पाह्यला. लोकं हसले तिला. मरेपर्यंत ती म्हणायची, खरं हाय म्हणून. तपासा बाई. पण जसा देऊन राहिलो तसाच वापस द्या."

मॅडमनी शब्द दिला.

दगड माझ्याखाली शिरेना. मॅडमनी मला वर सरकवलं, दगड आडवातिडवा करून पाहिला. दुसरं यंत्र यायला महिना लागला असता आणि त्यांना तेवढा दम निघेना. नखाएवढी कपची काढावी म्हणून त्यांनी हातोडी मारली. दगडाचे सरळ दोन तुकडे झाले. मॅडमनी हातोडी बाजूला ठेवली आणि एक तुकडा माझ्याखाली सरकवला.

माझ्यातून मात्र सगळं लख्ख दिसलं. बारीक गोल दाणे, मधे लोखंडाचे चमकते कण, उल्केत असतात तसेच. दगड आभाळातलाच होता.

आठवड्यानं कोंडीबा आले. मॅडमनी दोन्ही तुकडे पुढं ठेवून हात जोडले. कोंडीबांनी माझ्यातून बराच वेळ पाहिलं.

"म्हंजी माझी लक्ष्मी खरं बोलत व्हती."

"हो बाबा. अगदी खरं."

"मग तिच्या बोलण्यावर भरोसा ठेवायला हे फोडावं काहून लागलं?"

कोंडीबांनी दोन्ही तुकडे एकमेकांना बराबर जुळवून घोंगडीत बांधले आणि निघून गेले.

यंत्र निवडायला जाल तेव्हा दगड सोबत न्या, तो भिंगाखाली ठेवून बघा. आणि कोंडीबा, त्या बाईंना माफ करा. दगड मावणार नाही हे दुकानात एकट्या मलाच कळत होतं, तरी त्यांनी मला उचललं तेव्हा मला आनंदच झाला.