आरशांखालचं वावर

अकोल्याच्या जिनिंगमधलं वाफेचं इंजिन निघालं, विजेची मोटार आली आणि बॉयलरवर काम करणारा शालिकराम पातूरजवळच्या आपल्या गावी परतला. त्याच्या बैलगाडीत अंथरूण-पांघरूण थोडं आणि भंगारच जास्त होतं. लोखंडी नळ्या, वाफेवर चालणारा एक लहान पंप आणि गोणपाटात गुंडाळलेले जुन्या कपाटांचे आरसे. थोरला भाऊ शेषराव ओट्यावर उभा राहून ते सामान उतरताना पाहत होता.

"दुकान लावून राहिला का?" त्यानं विचारलं.

"नाई, दादा. मले इहिरीजवळची जागा दे थोडी. उन्हानं पानी तापवतो. वाफ झाली का पंप चालते. मोट हाकाची गरज नाई."

विहिरीजवळची पट्टी शेषरावच्या वावरातली सगळ्यात चांगली जमीन होती. पण बाप गेल्यावर शालिकरामला त्यानंच वाढवलं होतं, आणि धाकट्यानं काही मागितलं आणि आपण नाही म्हटलं, असं आजवर झालं नव्हतं.

"एक उन्हाळा," शेषराव म्हणाला. "मंग पाहू."

शालिकरामनं बाभळीचे खांब रोवले. त्यांच्यावर माणसाच्या डोक्याच्या वर आडव्या नळ्या टाकल्या आणि नळ्यांवर आरसे बसवले. मधे विटांच्या मनोऱ्यावर काळा रंगवलेला बॉयलर. दोरी ओढली की नळी फिरायची, तिच्यावरचे सगळे आरसे एकदम वळायचे आणि त्यांचं ऊन बॉयलरवर जाऊन पडायचं. सूर्य सरकला की पुन्हा दोरी ओढून खांबाला बांधायची. शिमगा झाल्यावर एका दुपारी पंप खोकलला, थांबला, परत खोकलला आणि पाटात पाणी पडलं. पातूरहून माणसं बघायला आली. ढग आला की पंप बंद पडायचा, पण ऊन असेतो चालायचा, आणि मोटेचे बैल गोठ्याच्या सावलीला बसून रवंथ करायचे.

"पानी देते, पन जागा खाते," शेषराव बायकोला म्हणाला.

शालिकराम कुठं गेला की आरशांची दोरी कौशल्याच ओढायची, म्हणून तिचं तिथं जाणं-येणं होतं. भोवतालच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आरशांखाली मात्र माती मऊ होती, आणि दिवसभर सावली तिच्यावरून हळूहळू फिरत होती. तिनं धने पायाखाली रगडले आणि तिथं पेरले. मग मेथी टाकली. भर वैशाखात बाकी मळे करपले तेव्हा तिच्याकडे हिरवागार सांबार होता. पातूरच्या बाजारात बायका त्या जुड्यांचा वास घेऊन विचारायच्या, या दिवसांत कोथिंबीर आणली कुठून?

"भाऊजी, ओळी जरा दूर दूर लावा," ती एकदा दिराला म्हणाली. "मधात ऊन पडलं तर मिरची बी होईन."

शालिकरामनं पावसाळ्याआधी खांब उपटले आणि सगळ्या ओळी नव्यानं लावल्या. पुढच्या वर्षी आरशांखाली हळद झाली आणि ओळींमधल्या उन्हात मिरची. दीर-भावजय तासन्‌तास त्यावर बोलायचे. शेषराव ऐकायचा आणि उठून जायचा. गावात त्या पट्टीला आता सगळे 'शालिकची वाडी' म्हणू लागले होते. शेतसारा भरायचा शेषराव, नांगर धरायचा शेषराव, आणि नाव शालिकचं. त्याला ते लागायचं; पण धाकट्या भावाचा हेवा वाटतो, हे सांगणार कुणाला?

तिसऱ्या उन्हाळ्यात शालिकराम पंपाचं चामडं आणायला पातूरला गेला होता. आरशांजवळ जनावर आणू नये, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शेषराव नांगरणी सोडून आला. आरशांखालची सावली गोठ्यापेक्षा गार होती. वावर माझं, सावलीही माझीच, असं मनात म्हणत त्यानं बैल आरशांच्या खांबाला बांधला आणि विहिरीकडे तोंड धुवायला गेला.

बैलानं मान खांबाला घासली. दोरी सुटली, नळी फिरली आणि एका ओळीतल्या सगळ्या आरशांचं ऊन बॉयलरवरून सरकून गोठ्याजवळच्या कडब्याच्या गंजीवर जाऊन बसलं. कौशल्येला आधी धूर दिसला, मग जाळ. ती ओरडली. शेषराव धावला, बैल सोडला, दोघांनी पाटातलं पाणी घागरींनी मारलं, शेजारचे आले. बैल वाचला. गंजी गेली आणि गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं.

शालिकराम आला तेव्हा राखेभोवती माणसं उभी होती. त्यानं लोंबणारी दोरी पाहिली, सांबारात उमटलेले खूर पाहिले, आणि तो भावाकडे बघत उभा राहिला.

"तुह्या आरशानं कडबा जाळला," शेषराव सगळ्यांसमोर म्हणाला. "उद्या घर जाळन. उचल हे सारं."

"अवो, पन बैल..." कौशल्येनं सुरुवात केली.

"तू गप राय."

शालिकरामनं लोंबणारी दोरी खांबाला गुंडाळली. मग "बरं" म्हणाला. आठवड्याभरात त्यानं सगळं उतरवलं, गाडीत भरलं आणि तो पारसला गेला. तिथं कोळशावर चालणारं वीजघर उभं होत होतं आणि बॉयलर कळणारी माणसं त्यांना हवी होती.

शेषरावला त्याची पट्टी परत मिळाली. त्यानं तिथं पऱ्हाटी लावली. कपाशी आली, बरी आली. उन्हाळ्यात कौशल्येनं पुन्हा धने पेरले. उगवले आणि आठ दिवसांत पिवळे पडले. तिनं पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचा मांडव घातला, मोटेचं पाणी दिलं, पण दुपारपर्यंत बैल थकायचे आणि पाणी पुरायचं नाही. मग तिनं पेरणं सोडलं. ती नवऱ्याशी भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या वैशाखात त्या भेगाळलेल्या पट्टीकडे बघत तो म्हणाला, "मी शालिकले घेऊन येतो."

"जा," कौशल्या म्हणाली.

पारसला शालिकरामनं त्याच्या पाया पडून खाट टाकली, चहा केला. "तुमी आरामात बसा," तो म्हणाला. शालिकनं त्याला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. शेषरावच्या हातात कप तसाच राहिला.

"बैल मी बांधला होता," तो म्हणाला.

"मले मालूम आहे."

"मंग तवा बोलला काहून नाई?"

"तुमी बोलान म्हनून थांबलो होतो."

बाहेर कोळशाचे डबे आदळत होते. शेषराव खाली बघत म्हणाला, "घरी चाल. पायजे तेवढी जागा घे. सारं वावर घे."

"आरसे कोठी आहेत आता? अकोल्याच्या न्हाव्याइनं नेले. पंप मोडीत गेला." शालिकरामच्या आवाजात राग नव्हता. "आन इथं रातदिन वीज होते. तारा आपल्या गावालेबी येतीन. मंग इहिरीवर मोटार बसवा. ढग आला तरी चालते."

ते खरं होतं. शेषराव एवढंच म्हणाला, "तारेखाली सांबार होत नाई, शालिक."

शालिकराम किंचित हसला. "वैनीले नमस्कार सांगा," तो म्हणाला, आणि भावाला स्टेशनपर्यंत पोचवायला आला.

घरी कौशल्येनं एकटा आलेला नवरा पाहिला आणि ताट वाढलं. जेवताना म्हणाली, "त्याले सांगितलं?"

"सांगितलं."

"आन लोकाइले?"

दुसऱ्या दिवशी शेषराव पारावर गेला. शेजारचा खुशालराव होता, त्या दिवशी घागरी घेऊन धावलेले आणखी दोघंतिघं होते. तो बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "शालिकच्या आरशाची चूक नव्हती. बैल मी बांधला होता."

खुशालरावनं चुना लावता लावता वर पाहिलं. "कोनता बैल?"

शेषरावनं सांगितलं. "हो का," खुशालराव म्हणाला, "असन बाप्पा," आणि पुडी त्याच्यापुढे धरली. मग कुणीतरी सरकीच्या भावाचं काढलं आणि सगळे त्यावर बोलू लागले. शेषराव तंबाखू हातात धरून ऐकत बसला.