एका बाहीचा स्वेटर

मी एक स्वेटर बोलतोय, पण पुरता नाही. अंग आहे, गळा आहे, डावी बाही आहे. उजव्या खांद्याशी नुसतं भोक, आणि तिथले टाके पांढऱ्या दोऱ्यात ओवून ठेवलेले.

रोह्यात स्वेटर म्हटलं की लोक हसतात. इथं जानेवारीतही दुपारी पंखा लागतो. पण निसीमबाबांना पंच्याऐंशीव्या वर्षी भर उन्हात थंडी वाजू लागली, म्हणून त्यांच्या थोरल्या लेकीनं, सिपोरानं, मला विणायला घेतलं. वांगी रंगाची लोकर तिनं पेणहून आणली. तिचा हात झपझप चालायचा. डावी बाही झाली आणि तिचे इस्रायलला लेकाकडे जायचे कागद आले. जाताना धाकट्या बहिणीच्या, नाओमीच्या मांडीवर मला ठेवून ती म्हणाली, "दुसरी बाही मी आल्यावर घालीन. तोवर जप."

त्याला तीन वर्षं झाली.

नाओमीही विणते, पण तिच्या जिवाला स्वस्थता नाही. खाटेखालच्या ट्रंकेत मी एकटा नव्हतो. अर्धी हिरवी शाल, एकच मोजा, कुठल्याशा बाळाचं पाठ नसलेलं झबलं, आणि गुंडेच गुंडे. ताईचा फोन लांबला की नाओमी नवीन काहीतरी सुरू करायची. बाबांना खोकला झाला की आणखी एक. काळजी सरली की ते ट्रंकेत. झाकण उघडलं की मला वाटायचं, आली माझी पाळी! ती मला उचलायची, खांद्याचे टाके मोजायची, आणि परत खाली ठेवायची. सुई जवळ येऊन परत जाते ना, तेव्हा आतल्या आत किती तडफड होते, ते मला विचारा.

"झाला का गो माझा सेटर?" बाबा रोज विचारायचे.

"होतोय, बाबा."

एकदा खांब गावाहून वालाच्या शेंगा विकायला येणारी बायजा दारात टेकली होती. मला बघून म्हणाली, "येवढा झालाय, मंग पुरा का नाय करत गो?"

नाओमी शेंगा निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुरा केला तर ताई कशाला येईल?"

बायजानं तिच्यापुढं आणखी मूठभर शेंगा टाकल्या.

गेल्या शनिवारी सकाळी बाबांनी स्वतःच ट्रंक ओढली, मला अंगात घातलं आणि ओट्यावर जाऊन बसले. उजवा हात उघडाच.

"बाबा, काढा तो! लोक हसतील."

"हसू देत. मला थंडी वाजते."

शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा वार. त्या घरात सुईला हात लावत नाहीत. दिवसभर नाओमी आत-बाहेर करत राहिली. पडदे सारखे केले, धुतलेले पेले पुन्हा पुसले. बाबांच्या उघड्या हातावर काटा आलेला तिला दिसत होता. आणि मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी छातीवर होतो. ती छाती धडधडत होती.

रविवारी पहिल्या एसटीनं ती पेणला गेली. दुकानदार महिपती म्हणाला, "हा रंग बंद झाला, बाय. जुळता नाय मिळायचा."

ती रिकाम्या हातानं परतली. बाबा ओट्यावर तसेच बसलेले. ती क्षणभर उभी राहिली, मग आतून हिरवी शाल आणली आणि सरळ उसवायला बसली. माझ्या खांद्याचा दोरा ओढून काढला, टाके चार सुयांवर घेतले आणि बाबांच्या हाताभोवतीच बाही विणू लागली. मी अंगात होतो, त्यामुळे तिला मला ट्रंकेत टाकता येईना.

"हलू नका, बाबा."

"आता कुठं जाणार मी?"

सुई थांबली. नाओमीनं मान खाली घातली. "ताई येणार नाही, बाबा."

"ठाऊक हाय मला," बाबा म्हणाले. "तू वीण."

आज बाही कोपराखाली आली आहे. वांगी अंगाला हिरवा हात, विचित्र दिसतो खरा. नाओमी अजूनही मधेच उठते, दारापर्यंत जाते, पण परत येऊन बसते. मनगट गाठेपर्यंत मला चैन नाही.

तुमच्याही घरात खाटेखाली कुणी असं अर्धं पडलं असेल, तर त्याला आजच बाहेर काढा. रंग जुळायची वाट बघू नका. ओट्यावर माणूस थंडीत बसलाय.