गळालेला ज्ञ

शब्दकोशाच्या कचेरीतून आलेलं एक पत्र सात महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. नव्या संपादिकाबाईंनी लिहिलं होतं की, कोशाची नवी आवृत्ती निघते आहे. जुनी कागदपत्रं चाळताना त्यांना एक बिनसहीची चिठ्ठी मिळाली होती आणि अक्षर माझं असावं असं छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका जुन्या कामगाराने सांगितलं होतं. 'तसं असेल तर कळवा. स्वतःबद्दल दोन ओळीही पाठवा. प्रस्तावनेत तुमचं नाव छापायचं आहे.'

अक्षर माझंच होतं. पण 'होय, माझंच' असं कळवणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं, असं मला वाटे. मी एकतीस वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासली. नाव पुस्तकावर लेखकाचं असतं, आपलं नसतं, याची इतकी सवय झाली होती की पत्र वाचून मी घाबरलोच. उत्तराचे चार कच्चे खर्डे केले, चारही फाडले.

माझी सून हॉस्पिटलात पक्षाघाताच्या रोग्यांकडून व्यायाम करून घेते. प्रत्येकाला ती एक वही देते. रोज स्वतःबद्दल एक चांगलं आणि खरं वाक्य लिहायचं. 'मी आज जिना चढलो.' 'मी माझ्या हाताने शर्टाची बटणं लावली.' एकदा तिची मैत्रीण घरी आली होती. सुनेने कौतुकाने सांगितलं, "बाबांनी कोशाचं काम केलंय." मी लगेच म्हणालो, "छे, मी नुसती मुद्रितं वाचायचो."

मैत्रीण गेल्यावर तसलीच एक कोरी वही माझ्यापुढे आली.

"उद्यापासून तुम्हीही माझे पेशंट. 'पण' लिहायचं नाही, 'नुसतं' लिहायचं नाही. दर रविवारी मी तपासणार."

"तू तपासणार? तुझं शुद्धलेखन..."

"शुद्धलेखन नाही बाबा, तुम्हाला तपासणार."

पहिल्या रविवारी तिने माझ्याच पेल्यातलं लाल पेन उचललं आणि मोठ्याने वाचायला लागली.

"'आज कुंड्यांना पाणी घातलं गेलं.' कोणी घातलं?"

"मीच की."

"मग तुम्ही आहात कुठे यात? पुढचं. 'शेजाऱ्यांच्या अर्जातल्या बऱ्याच चुका निघाल्या.' कुठे निघाल्या, फिरायला?"

मुलगा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाला, "अगं, बाबा स्वतःच्या वाक्यातसुद्धा पाहुण्यासारखे येतात. चपला काढून दारातच उभे."

मी हसलो खरा, पण मनातून खजील झालो. दुसऱ्यांच्या वाक्यांतला निसटलेला अनुस्वारही मी सोडला नव्हता, आणि माझ्या वाक्यांतून कर्ताच गळतो हे मला दिसलं नव्हतं. शाळेत व्याकरणात कशीबशी पास झालेल्या सुनेला ते पहिल्या पानावर दिसलं.

दोन महिने मी वही लिहीत राहिलो. 'मी' लिहिताना सुरुवातीला हात अडखळायचा. मग हळूहळू सरावला. लाल खुणा कमी होत गेल्या आणि एका रविवारी तर पान एकाही खुणेशिवाय परत मिळालं. त्या दिवशी मी उगीचच दोनदा चहा मागितला.

मग संपादिकाबाईंचं दुसरं पत्र आलं. पुढच्या महिन्यात प्रस्तावना छापायला जाणार होती. उत्तर आलं नाही तर 'एका अज्ञात मुद्रितशोधकाने' असं छापावं लागेल, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, 'कोशातून गळालेला ज्ञ सापडला.'

रविवारी सुनेचं पेन तिथेच थांबलं.

"सापडला? रस्त्यात पडला होता का?"

मग मला सगळं सांगावं लागलं. कोशाचं काम दोन खोल्यांत चाले. अ ते ज पहिल्या खोलीत, झपासून पुढे दुसरीत. पहिल्या खोलीचं म्हणणं, ज्ञ हे वर्णमालेतलं शेवटचं अक्षर, ते दुसरीकडे असणार. दुसऱ्या खोलीचं म्हणणं, ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांचं जोडाक्षर, ते जमध्येच असणार. दोन्हीकडे विद्वान माणसं, त्यामुळे विचारायला कोणी कोणाकडे गेलं नाही. शेवटची पानं यंत्रावर चढायच्या बेतात होती. मी बिनसहीची चिठ्ठी पाठवली, 'ज्ञ दिसत नाही. कृपया पाहावे.' दोन दिवस काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी मी प्रमुख संपादकांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. शिपायाने दोनदा विचारलं, "काही काम आहे का?" दोन्ही वेळा मी 'नाही' म्हणालो. मग आत गेलो.

"काय हवंय?" संपादकांनी विचारलं.

"ज्ञ," मी म्हणालो. मी पानं त्यांच्यासमोर पसरली आणि नुसतं बोट ठेवलं. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, चष्मा काढला आणि छापखान्याला फोन लावला, "यंत्र थांबवा." मला म्हणाले, "तुम्ही जा."

सून म्हणाली, "म्हणजे अख्ख्या कोशात ज्ञान नव्हतं?"

"ज्ञाताही नव्हता. ज्ञानेंद्रियंही नव्हती."

ती हसत सुटली. मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. "बाबा, हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत," तो म्हणाला. सुनेने लाल पेन माझ्या हातात दिलं.

"हे वाक्य तुम्हीच दुरुस्त करा."

मी 'सापडला' खोडलं. 'कोशातून गळालेला ज्ञ मी शोधला.' मुद्रित तपासावं तसं एकेक अक्षर करत ते वाचलं. चूक नव्हती. व्याकरणाची नव्हती, खरेपणाचीही नव्हती. माझी मान नकळत ताठ झाली, आणि या वेळी ती मी खाली घातली नाही.

मग खणातली दोन्ही पत्रं काढून सुनेला दिली.

"सात महिने, बाबा?"

"तू लिहून देतेस का उत्तर?"

"देईन. ज्ञ कसा काढायचा तेवढं दाखवा."

शेवटी मीच लिहायला बसलो. 'ती चिठ्ठी मी लिहिली. मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली आणि ते काम चोख केलं.' 'चोख'च्या जागी 'जमेल तसं' लिहावं, असं फार वाटत होतं. एकतीस वर्षं डोळ्यांपुढे आणली. चोखच केलं होतं. मी खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

मुलगा म्हणाला, ऑफिसला जाताना टाकतो. मी नको म्हणालो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, पोस्टापर्यंत चालत गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.