आईशेजारची जागा

अकरा वर्षांनी बाप लेकीच्या दारात आला, तो हातात फॉर्म घेऊन. नुसता तोंड दाखवायला आला असता तर आपण दारही उघडलं नसतं, असं ती नंतर नवऱ्याला म्हणाली. ते साफ खोटं होतं. दाराच्या भिंगातून बाबांचं टक्कल दिसलं तेव्हाच तिचा हात कडीवर गेला होता.

बाप एका लहानशा पंथाच्या प्रार्थनाघराचा कारभारी होता. किल्ल्या त्याच्याकडे, सभासदांची वही त्याच्याकडे. लेकीनं परधर्माच्या बसड्रायव्हरशी लग्न केलं, त्या दिवशी समाजानं तिला दार बंद केलं, आणि ते बंद करण्याचं काम किल्ल्यांमुळे बापाच्याच वाट्याला आलं. तसा लेखी नियम काही नव्हता. माणूस हाकलायला कधी नियम लागत नाही. वहीतलं तिचं नाव मात्र तसंच राहिलं होतं. बाप म्हणे ते खोडायचं विसरला होता. याच माणसानं उभी हयात टपाल कचेरीत पत्रं लावण्यात घालवली होती आणि एक पत्र चुकीच्या खणात टाकलं नव्हतं.

तर फॉर्म असा होता. सरकारनं नवीन सलोखा कार्यालय काढलं होतं. लहान पंथांना मान्यता, जागेला संरक्षण, इमारतीची दुरुस्ती, सगळं मिळणार होतं. अट एकच, पन्नास प्रौढ सभासद ओळखपत्रासह प्रत्यक्ष हजर हवेत. मान्यता नसेल तर प्रार्थनाघराची जागा पालिकेकडे जाणार.

"वहीत पन्नास नावं आहेत," बाप खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला. "त्यातलं एक तुझं."

इतक्या वर्षांत त्यानं तिला कशी आहेस म्हणून विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं नाही. पाण्याचा पेला मात्र त्यानं रिकामा केला.

"येईन," ती म्हणाली. "पण मोजून झाल्यावर उठणार नाही. दर आठवड्याला येणार आणि आईशेजारी बसणार. अध्यक्षांना विचारून सांगा."

"विचारलंय. हो म्हणाले."

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. चार वर्षांपूर्वी एक प्लास्टरचा जबडा तिच्या टेबलावर आला, त्यावरच्या चिठ्ठीत समाजाच्या अध्यक्षांचं नाव होतं. मनात आणलं असतं तर एखादा दात जन्मभर टोचेल असा तिला बसवता आला असता. तिनं ती कवळी दोन दिवस जास्त घासून, जास्त जपून केली. तिच्या हातचं पाणी न चालणारा माणूस तेव्हापासून तिच्या हातच्या दातांनी तिन्ही त्रिकाळ जेवत होता. आता त्याच दातांमागून हो आलं होतं, आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला. भोळेपणा म्हणा हवं तर. तिला आई हवी होती.

आईनं इतकी वर्षं बंड असं केलं नव्हतं. ती फक्त दर गुरुवारी जावयाच्या बसमध्ये चढायची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, चार थांबे जायची आणि उतरायची. तिचे गुडघे गेलेले, म्हणून तो तेवढ्यापुरती बस अगदी फुटपाथला खेटून लावायचा. दोघं बोलत नसत. एकदाच, उतरता उतरता, ती म्हणाली होती, "तिला सांगा, जागा धरून ठेवलीय." प्रार्थनाघरात दुसऱ्या रांगेतल्या बाकावर, आपल्या उजव्या हाताला, ती आपली तपकिरी बॅग ठेवायची. गर्दी असो नसो, तिथे कुणी बसायचं नाही. कुणी बसतो म्हटलं तर आई नुसती बघायची, आणि तेवढं पुरायचं.

मोजणीच्या दिवशी कार्यालयाच्या मॅडम आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी त्यांच्यावर खापर फोडायला नको. हातात मोजायचं छोटं यंत्र, प्रत्येक माणसामागे एक टिक. लेक दुसऱ्या रांगेत आली. आईनं बॅग उचलून मांडीवर घेतली, जशी रोजच घेत असावी. लेक बसली. आईनं तिच्याकडे बघितलं नाही. पण दोघींचे दंड एकमेकींना टेकले आणि प्रार्थना संपेपर्यंत टेकलेलेच राहिले. पन्नासावी टिक वाजली तेव्हा मॅडमनी चष्मा काढून पुसला. दुरावलेल्या लेकीला पोटाशी घेणारा समाज म्हणून आपण अहवालात खास नोंद करू, असं त्या अध्यक्षांना म्हणाल्या. अध्यक्ष सगळे दात दाखवून हसले.

पाच आठवडे ती गेली. पाचही आठवडे बॅग मांडीवर होती. सहाव्या आठवड्यात बाप दारातच उभा होता, किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून.

"वहीत नाव नाही," तो म्हणाला.

"कोणी खोडलं?"

"वही माझ्याकडे असते."

एवढं बोलून तो तिच्या चपलांकडे बघत राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मान्यतेबरोबर नियमावलीचा फॉर्म आला होता. सातवा रकाना, सभासदत्वाच्या अटी, समाजाने स्वतः ठरवाव्यात. अध्यक्ष आणि दोन ज्येष्ठ बसले आणि त्यांनी ठरवलं, पंथाबाहेर लग्न केल्यास सभासदत्व संपेल. वही नियमांशी जुळवून, सही करून पाठवायची होती. मग बापानं पट्टी घेतली.

"पट्टी घेतलीत?" तिनं विचारलं. हाच प्रश्न का सुचला कोण जाणे.

"रेघ वाकडी नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती सलोखा कार्यालयात गेली. मॅडमनी तिला ओळखलं, चहा मागवला, फाइल काढली. सगळं ऐकून घेताना त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण धर्माच्या आतल्या बाबतीत सरकार हात घालत नाही. तेच तर स्वातंत्र्य आहे. त्यांना ते आम्हीच मिळवून दिलंय."

"माझ्या मोजणीवर मिळवून दिलंय."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांचं खरंच मानायला हवं. "मोजणी एकदाच असते. मान्यता आता परत तपासली जात नाही. तुम्हाला वेगळा पंथ नोंदवायचा असेल तर फॉर्म देते. पन्नास माणसं लागतील."

तिनं फॉर्म घेतला. न घेणं उद्धटपणाचं वाटलं असतं. घरी आल्यावर नवऱ्यानं तो वाचला आणि म्हणाला, मी आणि तू धरून दोन झाले, बसमध्ये रोज उभे राहणारे धरले तर सहज भरतील. तिला हसू आलं नाही. मग त्यालाही आलं नाही.

त्यानंतर मदत आली, आणि आली ती अगदी पद्धतशीर. दाराला उतार बांधला, म्हणजे चाकाची खुर्ची आत जावी. दारावर निळी पाटी लागली, "येथे सर्वांचे स्वागत आहे." किडलेले जुने बाक काढून मागच्या अंगणात रचले आणि त्यांच्या जागी नव्या खुर्च्या आल्या. प्रत्येकाला दोन्ही बाजूंना हात असलेली स्वतंत्र खुर्ची, म्हणजे कुणाला दाटीवाटीनं बसावं लागू नये. खुर्च्या किती, ते कार्यालयानं वहीवरून काढलं होतं. एकोणपन्नास.

उद्घाटनाला मॅडम येणार होत्या. जाऊ नकोस, नवरा म्हणाला. पण दोन गुरुवार आई बसमध्ये चढली नव्हती, म्हणून ती गेली. दार सताड उघडं होतं. ती उतारावर, पाटीखाली उभी राहिली. दारात बाप होता. त्यानं तिला आत ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

आत सगळे बसले होते. फक्त दुसऱ्या रांगेत एक म्हातारी उभी होती, पुढच्या खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून. तिच्या खुर्चीवर तपकिरी बॅग होती.

मॅडमनी मंचावरून ते पाहिलं. "आजी, बसा ना," त्या माइकवरून प्रेमानं म्हणाल्या. "प्रत्येकासाठी खुर्ची आहे."

"ही धरलेली आहे," आई म्हणाली.

"कोणासाठी?"

आईनं मान वळवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं सगळ्यांदेखत दाराकडे बघितलं, लेकीकडे नव्हे, नवऱ्याकडे. "ह्यांना विचारा," ती म्हणाली. "वही ह्यांच्याकडे असते."

बापाच्या मुठीतल्या किल्ल्या जराशा वाजल्या. अध्यक्षांनी तोंड मिटून घेतलं. मॅडमनी हातातल्या कागदाकडे बघितलं, उतारावर उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं, आणि मग भाषण सुरू केलं, कारण भाषण लिहून आणलेलं होतं.

भाषण, आभार, मग प्रार्थना, मिळून तास झाला. पाव तासानंतर आईचा उजवा गुडघा थरथरायला लागला, ते दारातूनही दिसत होतं. आई, बस गं, असं लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आई बसली असती, तर बॅग उचलावी लागली असती. म्हणून लेक गप्प राहिली, आणि शेवटपर्यंत त्या गुडघ्यांकडे बघत बाहेर उभी राहिली.